बॅरलखालचा कॅमेरा: दहा मीटर नेमबाजीच्या सरावात तो लावायचा कसा आणि वाचायचा कसा

टार्गेटवरचं भोक पेलेट (एअर बंदुकीची छोटी गोळी) कुठे गेलं एवढंच सांगतं. ते तिथे का गेलं, हे सांगत नाही. पिस्तुलाचा उजवीकडे गेलेला आठ गुणांचा शॉट ट्रिगरवरचं बोट वाकडं पडल्यामुळे आलेला असू शकतो, पाय चुकीच्या दिशेला रोवल्यामुळे असू शकतो, किंवा हात थकल्यावरही "आता सोडूनच टाकू" म्हणून सोडलेला असू शकतो. तिन्ही भोकं हुबेहूब सारखी दिसतात आणि तिन्हींवरचे उपाय मात्र एकमेकांशी संबंध नसलेले. प्रशिक्षकाने मागे उभं राहून बॅरलच्या टोकाकडे कितीही डोळ्यांत तेल घालून पाहिलं, तरी अर्ध्या मिलिमीटरची हालचाल त्याला दिसणार नाही. बॅरलखाली बसणारा छोटा कॅमेरा तीच हालचाल पडद्यावर आखून दाखवतो.

अर्ध्या मिलिमीटरने काय होतं, असं वाटत असेल तर २८ जुलै २०२४ ची पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी आठवा. महिलांच्या १० मीटर एअर पिस्तुलात मनू भाकर २२१.७ वर थांबली आणि कांस्य मिळालं. रौप्यासाठी पुढे गेलेली किम येजी त्या क्षणी तिच्यापुढे फक्त ०.१ गुणाने होती. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर ०.१ गुण म्हणजे केंद्रापासून ०.८ मिलिमीटर. एअर रायफलमध्ये तोच ०.१ गुण पाव मिलिमीटरचा असतो. या खेळात पदकांचा निकाल असा लागतो, म्हणून हालचाल मोजण्याला इतकं महत्त्व आहे.

कोल्हापूर, पुणे, ठाणे, मुंबईतल्या बऱ्याच रेंजवर आता हे यंत्र दिसतं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे कोल्हापूर जिल्ह्यात तर नेमबाजीकडे वळणारी मुलं खूप आहेत. पण यंत्र असणं वेगळं आणि वापरता येणं वेगळं. अनेक ठिकाणी कॅमेरा लावला जातो, पडद्यावर रंगीत गुंता दिसतो, मुलगा "भारी" म्हणतो आणि पुन्हा गुण मोजायला लागतो. हा लेख त्या गुंत्याचा उपयोग कसा करायचा यासाठी आहे. भर १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तुलावर आहे. शॉटगनचा कॅमेरा वेगळ्या जातीचा असतो, त्याबद्दल पुढे थोडक्यात.

कॅमेरा काय पाहतो

आपल्याकडे या यंत्राला सरसकट "स्कॅट" म्हणतात, कारण तीच कंपनी सर्वांत जास्त दिसते. फिनलंडचं नॉपटेल, ऑस्ट्रियाचं रिका अशी इतर नावंही आहेत. स्कॅटच्या जुन्या संचात टार्गेटच्या जागी एक इलेक्ट्रॉनिक चौकट टांगावी लागायची. त्या चौकटीतून इन्फ्रारेड किरण निघायचे आणि बॅरलवरचा सेन्सर ते पकडायचा. नंतरच्या एमएक्स मालिकेत ती चौकट गेली. आता बॅरलखालचा कॅमेरा थेट टार्गेटचा काळा गोल पाहतो. चित्रात गोल डावीकडे सरकला म्हणजे बॅरल उजवीकडे वळलं, असा साधा हिशेब सॉफ्टवेअर सेकंदात अनेक वेळा करतं आणि ते बिंदू जोडून रेघ काढतं. या रेघेला रेंजवर सगळे ट्रेस म्हणतात. ट्रिगर सुटल्याचा टक् आवाज आणि कंप पकडून शॉट कुठल्या क्षणी सुटला तेही नोंदवलं जातं.

इथे एक हिशेब प्रत्येक नेमबाजाने एकदा तरी कागदावर करून पाहावा. एअर पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये (नेम जुळवायच्या खुणांमध्ये) साधारण ३१-३२ सेंटिमीटर अंतर असतं. अख्खा हात १ मिलिमीटर उजवीकडे सरकला आणि साईट एका रेषेत राहिल्या, तर पेलेट टार्गेटवर १ मिलिमीटरच उजवीकडे जातं, म्हणजे काहीच बिघडत नाही. पण मनगट वळून पुढची साईट मागच्या साईटच्या तुलनेत १ मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर तो फरक सुमारे ३२ मिलिमीटर होतो. पिस्तुलाच्या टार्गेटवर एकेक रिंग ८ मिलिमीटरची. म्हणजे मधोमध जाणारा शॉट थेट सातावर. कॅमेरा दोन्ही हालचाली मोजतो, पण ट्रेसमध्ये मोठी दिसते ती दुसरी. होल्ड (नेम धरून स्थिर राहणं) डुलतोय म्हणून घाबरणाऱ्या मुलांना हे आकडे दाखवले की त्यांची नजर आपोआप पुढच्या साईटवर येते.

कॅमेऱ्याला तुमचा डोळा मात्र दिसत नाही. रायफलच्या गालपट्टीवर गाल दर वेळी वेगळा टेकतो आहे, डायऑप्टरच्या (रायफलच्या मागच्या साईटच्या) छिद्रामागे डोळा मधोमध नाही, या गोष्टींचा परिणाम ट्रेसमध्ये दिसेल, कारण दिसणार नाही. म्हणून हे यंत्र प्रशिक्षकाची जागा घेत नाही. त्याच्या हातात पुरावा देतं.

घ्यायचा कधी

नव्या मुलाला पहिल्या वर्षी कॅमेरा लावू नये, असं माझं ठाम मत आहे. उभं कसं राहायचं, बंदूक सुरक्षित कशी हाताळायची, श्वास कुठे थांबवायचा हे अंगवळणी पडण्याआधी पडद्यावरचा गुंता पाहिला, तर मूल तो गुंता लहान करण्याच्या मागे लागतं. अंग ताठ करून होल्ड जबरदस्तीने शांत करायची सवय लागते आणि ती मोडायला पुढे फार वेळ जातो. एक हंगाम सामने खेळून झाले, साठ शॉट्सची मालिका न कोलमडता पूर्ण होते, मग विचार करा.

पालकांसाठी सांगतो, संच स्वस्त नाही आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा लागतही नाही. आठवड्यातून एक नीट सत्र पुरतं. एका क्लबमधल्या आठ-दहा जणांनी मिळून एक घेतला आणि प्रत्येकाच्या नावाची वेगळी फाइल ठेवली, तर पैसे सार्थकी लागतात.

पहिली पायरी: बंदूक रिकामी आहे ना?

कॅमेऱ्याचा बराचसा सराव ड्राय असतो, म्हणजे पेलेट न भरता. म्हणूनच इथे गाफीलपणा शिरतो. सेन्सर (म्हणजे हाच कॅमेरा) हातात घेण्यापूर्वी बंदूक उघडा, बॅरलमध्ये पेलेट नाही हे डोळ्यांनी पाहा, सेफ्टी फ्लॅग (बंदूक रिकामी असल्याची खूण) घाला, मगच बॅरलजवळ हात न्या. घरी ड्राय करताना पेलेटचा डबा त्या खोलीतच ठेवू नका.

सामन्याच्या एअर रायफल आणि पिस्तुलांना ड्राय फायरची सोय असते. कुठे छोटा खटका, तर कुठे वेगळी रचना. ती चालू केली की हवा न सुटता ट्रिगर खऱ्यासारखा तुटतो. जुन्या स्प्रिंगच्या एअर रायफलवर मात्र ड्राय करू नका. समोर पेलेटचा अडसर नसला की पिस्टन जोरात आदळतो आणि आतल्या सीलची वाट लागते.

फ्लॅटमध्ये सराव करणाऱ्यांनी खिडकीचे पडदे ओढून घ्यावेत आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावं. समोरच्या इमारतीतून फक्त बंदूक रोखलेला माणूस दिसतो, सराव दिसत नाही.

दुसरी पायरी: सेन्सर बसवणं

सेन्सर बॅरलखाली किंवा हवेच्या सिलिंडरखाली क्लॅम्पने बसतो. रायफलमध्ये तो पुढच्या साईटच्या थोडा मागे बसतो. पिस्तुलात जागा कमी असते, त्यामुळे क्लॅम्पमुळे पुढची साईट झाकली जात नाही ना, हे आधी नेम धरून पाहा. बसवण्यापूर्वी बॅरल कोरड्या कापडाने पुसा. तेलाचा पातळ थर राहिला तर क्लॅम्प शॉटगणिक केसभर सरकतो, आणि मग ट्रेस एका बाजूला झुकायला लागला की मूल स्वतःला दोष देत बसतं. स्क्रू बोटांनी घट्ट होईपर्यंतच आवळा. पाना लावून पिळलं तर बॅरलवर ओरखडा उमटतो.

कॅमेऱ्याचा अक्ष बॅरलला ढोबळ समांतर असला तरी पुरे. नेमकेपणा कॅलिब्रेशनमधून, म्हणजे यंत्राला केंद्र दाखवण्यातून, येतो. पण नेम धरल्यावर काळा गोल कॅमेऱ्याच्या चित्राच्या मध्याजवळ असला पाहिजे. तो कडेला असेल तर बंदूक वरून खाली आणताना गोल चित्राबाहेर जातो आणि ट्रेस मध्येच तुटतो.

वजनाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. सेन्सर हलका असतो, पण तो बॅरलच्या टोकाकडे बसतो आणि टोकावरचं थोडं वजनही मनगटाला कळतं. रायफलवर पुढे वजनं लावलेली असतील तर सेन्सरइतकं वजन काढून ठेवा. पिस्तुलावरही सुटी वजनं असतील तर तेच करा. केबलचा संच असेल तर केबल बॅरलवरून सरळ खाली लोंबकळू देऊ नका. ती हलकेच मागे घेऊन चिकटपट्टीने बंदुकीला लावा आणि मनगटापाशी सैल वेटोळं ठेवा. ओढ बसणारी केबल ट्रेसमध्ये खालच्या दिशेची खेच म्हणून दिसते.

तिसरी पायरी: टार्गेट आणि उजेड

रेंजवर फार काही करावं लागत नाही. दहा मीटर, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटर, टार्गेटवर भरपूर आणि सारखा उजेड. आंतरराष्ट्रीय नियमांत टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड सांगितला आहे. कॅमेऱ्याला पांढऱ्यावरचा काळा गोल ठळक दिसला की काम झालं. शेजारी दुसरं टार्गेट, काळा गोल स्टिकर किंवा घड्याळ त्याच चित्रात येत असेल तर ते झाका, नाहीतर सॉफ्टवेअर चुकीच्या गोलाचा माग काढतं.

घरात दहा मीटर सरळ जागा क्वचितच मिळते. पाच मीटरवर निम्म्या आकाराचं टार्गेट लावा. एअर रायफलचा काळा गोल ३०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, तो १५.२५ करा. पिस्तुलाचा ५९.५ चा असतो, तो २९.७५ करा. अंतर टेपने मोजा आणि सॉफ्टवेअरमध्ये तेच खरं अंतर भरा. अंदाजाने पाच लिहून प्रत्यक्षात साडेचार असेल तर पुढचे सगळे आकडे वाया. टार्गेटवर एक दिवा थेट पाडा, पण तो लुकलुकणारा नको. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्या दिव्याकडे पाहिल्यावर चित्रात पट्टे सरकताना दिसले तर दुसरा दिवा लावा. मग सेन्सरच्या भिंगाचा फोकस फिरवून गोलाची कड पडद्यावर तलवारीसारखी स्वच्छ करून घ्या.

चौथी पायरी: कॅलिब्रेशन

सॉफ्टवेअरमध्ये प्रकार, अंतर, टार्गेट आणि ड्राय की खरा शॉट हे निवडा. मग कॅलिब्रेशनचा एक शॉट मारा. तो जिथे सुटला तो बिंदू सॉफ्टवेअर केंद्र धरतं. मेख इथेच आहे. तो शॉट घाईत, वाकडा सुटला तर पुढचं सगळं सत्र वाकडं दिसतं. म्हणून कॅलिब्रेशनचा शॉट उभ्याने, हातात धरून मारायची घाई करू नका. बसून, बंदूक टेकवून, शांतपणे मारा. नंतर टेकवूनच तीन-चार शॉट मारून ते मध्याभोवती पडतात ना पाहा, नाहीतर केंद्र थोडं सरकवून घ्या. टेकवतानाही तीच नजर, तोच साईटचा आकार ठेवायचा.

खऱ्या पेलेटने सराव करत असाल तर कागद दर काही शॉट्सनी बदला. काळ्या गोलाच्या कडेवर भोकं पडली की कॅमेऱ्याला गोलाचा आकार ओळखायला त्रास होतो. शॉट नोंदवण्याच्या आवाजाची पातळीही तपासा. ती फार संवेदनशील ठेवली तर शेजारच्या लेनवरचा टक् आवाज तुमचा शॉट म्हणून नोंदला जातो.

पाचवी पायरी: सत्र कसं चालवायचं

पडदा नेमबाजासमोर ठेवू नका. ही एक गोष्ट पाळली तरी निम्मं काम होतं. नेमाचा ठिपका पडद्यावर हलताना पाहत नेम धरणारं मूल साईट सोडून पडद्यावर नेम धरायला शिकतं. लॅपटॉप मागच्या टेबलावर, प्रशिक्षकाकडे तोंड करून ठेवा.

प्रत्येक शॉटनंतर नेमबाजाने आधी कॉल करायचा: "दहा, जरा डावीकडे", "नऊ, खाली, ट्रिगर ओढला". प्रशिक्षक तो वहीत लिहितो आणि पाच शॉट झाल्यावर दोघं मिळून पडद्यावरचे ट्रेस पाहतात. कॉल आणि ट्रेस जुळत असतील तर त्या नेमबाजाला स्वतःचा शॉट कळतो, त्याला फार सांगावं लागत नाही. कॉल "मधोमध" आणि ट्रेस साडेआठावर असेल तर प्रश्न होल्डचा नाही, पाहण्याचा आहे. मग त्या दिवशी दुसरं काही दुरुस्त करू नका, फक्त कॉल सुधारा.

वीस ते तीस शॉट पुरे. त्यापुढे मूल थकतं आणि ट्रेस थकव्याचे मिळतात.

सहावी पायरी: ट्रेस वाचणं

स्कॅटचे रंग असे: शॉटच्या एक सेकंद आधीपर्यंतचा भाग हिरवा, त्यानंतरचा पिवळा, शेवटचे ०.२ सेकंद निळे आणि शॉट सुटल्यानंतरचा भाग लाल. नवखा माणूस हिरव्या गुंत्याकडे पाहून हबकतो. जाणकार आधी निळा पाहतो, मग लाल, मग पिवळा आणि शेवटी हिरवा.

निळा आधी का? डोळ्याला "आता बरोबर आहे" दिसणं आणि बोटाने त्यावर काही करणं यात साधारण ०.२ सेकंद जातात. म्हणजे निळ्या रेघेत जे घडतं ते तुम्हाला थांबवता येत नाही, तो ट्रिगरचा खरा चेहरा. समजा त्या वेळात ठिपका एकाच दिशेला सेकंदाला ४० मिलिमीटर वेगाने पळाला, तर ०.२ सेकंदांत तो ८ मिलिमीटर जातो. पिस्तुलात ही पूर्ण एक रिंग झाली. रायफलची रिंग अडीच मिलिमीटरची, तिथे तीन रिंगांहून जास्त.

एक शॉट उदाहरणादाखल जवळून पाहू. उजव्या हाताची पिस्तूल नेमबाज, वय चौदा, होल्ड चांगला. तिचा कॉल होता, "सर, मधेच होता, कसा काय आठ गेला?" पडद्यावर पिवळा भाग दहाच्या आत एका छोट्या ढगासारखा जमलेला. मग निळी रेघ त्या ढगातून जवळजवळ सरळ निघून खाली डावीकडे आठावर गेलेली आणि तिथेच लाल सुरू. लाल रेघ लगेच वळून पुन्हा दहाकडे आलेली. म्हणजे नेम दहावर होता, शॉट सुटेपर्यंत बोटाने पिस्तूल खाली डावीकडे ढकललं आणि काम झाल्यावर हात परत जागेवर आला. होल्डला हात लावायची गरजच नाही. प्रशिक्षकाने तिला एवढंच सांगितलं: "आता टार्गेट नको. समोर पांढरा कागद. ट्रिगर पहिल्या अडसरापर्यंत आण आणि साईट न हलवता तिथून सावकाश वाढव. वीस वेळा." त्या दिवशी तिला दुसरी कुठलीच सूचना दिली नाही, आणि तेच योग्य होतं.

इतर आकृत्या थोडक्यात. निळी रेघ पिवळ्या ढगातच राहते पण ढगच मोठा आहे, तर प्रश्न होल्डचा. ढग उभा लांबट असेल तर बहुतेक वेळा श्वास पूर्ण थांबलेला नसतो किंवा खांदा दमलेला असतो. आडवा लांबट असेल तर पायांची उभ्याची रचना आणि तोल पाहा. ढग लहान, घट्ट, पण दर वेळी त्याच बाजूला असेल तर शरीर ज्या दिशेला आपोआप वळतं ती दिशा टार्गेटशी जुळत नाही. अशा वेळी हाताने बंदूक मध्यावर ओढायची नाही, मागचा पाय सरकवून अख्खं शरीर वळवायचं. डोळे मिटून नेम धरायला सांगा, काही क्षणांनी उघडायला सांगा, बंदूक कुठे थांबली ते लगेच कळतं.

लाल रेघ फॉलो-थ्रू, म्हणजे शॉट सुटल्यानंतरही नेम धरून ठेवणं, दाखवते. ड्रायमध्ये बंदुकीला धक्का नसतो, त्यामुळे लाल रेघ ढगाजवळच राहायला हवी. ती दर वेळी भलतीकडे उडत असेल तर नेमबाज शॉट सुटताच हात सोडतो आहे किंवा डोकं उचलून "किती लागला?" पाहतो आहे. खऱ्या शॉटमध्ये थोडी उडी येणारच. ती उडी एकाच दिशेला आणि एकाच आकाराची असेल तर चिंता नाही. दर शॉटला दिशा बदलत असेल तर रायफलमध्ये खांद्यावरचा आणि गालाचा दाब तपासा, पिस्तुलात मुठीची पकड.

हिरव्यात दोनच गोष्टी पाहायच्या. बंदूक दर वेळी त्याच वाटेने टार्गेटवर येते का, आणि थांबल्यापासून शॉट सुटेपर्यंत किती वेळ जातो. होल्ड सुरुवातीला काही सेकंद सर्वांत चांगला असतो, मग स्नायू आणि डोळा दोन्ही दमतात. ट्रेसमध्ये एक मुलगा सहाव्या सेकंदाला अगदी स्थिर होतो आणि शॉट बाराव्या सेकंदाला सोडतो असं दिसलं, तर त्याला होल्ड शिकवू नका. वेळेवर सोडायला शिकवा, आणि वेळ निघून गेली तर बंदूक खाली ठेवायला. मधे बंदूक खाली ठेवणं ही सामन्यातली मोठी हिंमत आहे.

सातवी पायरी: आकडे, पण मोजकेच

सॉफ्टवेअर आकड्यांचा ढीग ओततं. तीन पाहा. "१०.०" म्हणजे शेवटच्या सेकंदातला किती टक्के वेळ नेम दहाच्या आत होता. "१०ए०" म्हणजे दहाच्याच आकाराचं वर्तुळ, पण ते टार्गेटच्या मध्यावर न धरता तुमच्या स्वतःच्या सरासरी नेमाभोवती धरून काढलेला टक्का. दुसरा जास्त आणि पहिला कमी, तर हात स्थिर आहे पण चुकीच्या जागी स्थिर आहे: पाय किंवा कॅलिब्रेशन तपासा. दोन्ही कमी, तर होल्डवर काम करा. तिसरा वेग: "एस१" शेवटच्या सेकंदातला, "एस२" शेवटच्या पाव सेकंदातला. दुसरा पहिल्यापेक्षा सतत खूप जास्त येत असेल तर ट्रिगरवर घाई होते आहे.

हे आकडे दुसऱ्या मुलाच्या आकड्यांशी लावून पाहू नका. बंदूक, वजन, उंची, वय सगळं वेगळं. तुलना त्याच नेमबाजाच्या महिन्याभरापूर्वीच्या फाइलशी करायची, आणि तीही त्याच प्रकारच्या सत्राशी: ड्रायची ड्रायशी, खऱ्याची खऱ्याशी.

एका सत्रातून एकच दोष उचला आणि आठवडाभर त्यावर कॅमेऱ्याशिवाय काम करा. ट्रिगरचा दोष असेल तर पांढऱ्या कागदावर ड्राय. होल्डचा असेल तर शॉट न सोडता नेम धरून ठेवण्याचे संच, मधे पुरेशी विश्रांती देऊन. वेळेचा असेल तर प्रशिक्षकाने मागून शांतपणे सेकंद मोजणं. पुढच्या आठवड्यात कॅमेरा लावून फक्त तीच गोष्ट बदलली का ते पाहा.

शॉटगनवरचा कॅमेरा

ट्रॅप आणि स्कीट या शॉटगनच्या प्रकारांत टार्गेट स्वतःच उडत असतं, त्यामुळे वरची पद्धत तिथे चालत नाही. तिथे शॉटकॅमसारखा व्हिडिओ कॅमेरा बॅरलखाली लावतात. रिकॉइलचा धक्का बसला की तो आधीचे काही सेकंद आणि नंतरचा भाग आपोआप साठवतो. व्हिडिओत एक फुलीची खूण असते, ती बॅरल कुठे रोखलेलं होतं ते सांगते. ही खूण आधी जुळवून घ्यावी लागते: बंदूक रिकामी करून पक्की टेकवा, लांबच्या ठरावीक खुणेवर बॅरल रोखा आणि फुली त्या खुणेवर आणा.

इथे शिकायचं असतं ते लीड, म्हणजे उडत्या क्ले टार्गेटच्या (तबकडीच्या) किती पुढे रोखायचं. शॉटचे छर्रे ३५ मीटर जायला ढोबळ एक दशांश सेकंद लागतो असं धरा. तेवढ्यात आडवं सेकंदाला २० मीटर वेगाने जाणारं टार्गेट २ मीटर पुढे गेलेलं असतं. जमिनीवर उभं राहून हे २ मीटर मनाला पटत नाहीत, व्हिडिओत पटतात. पाहताना रिकॉइलच्या लगेच आधीची फ्रेम थांबवा. धक्का बसल्यानंतर चित्र उडतं आणि तिथली फुली काही सांगत नाही. शिवाय शॉट सुटण्याच्या क्षणी फुली टार्गेटच्या पुढे जात होती, त्याच्यासोबत चालली होती की थांबली होती, हे पाहा. चुकलेल्या अनेक शॉटमध्ये लीड पुरेसा असतो, पण बॅरल ऐन वेळी थांबलेलं असतं.

सामन्याच्या आठवड्यात

सामन्यात सेन्सर लावून नेमबाजी करता येत नाही. म्हणून मोठ्या सामन्याआधी चार-पाच दिवस तो काढून ठेवा, काढलेली वजनं परत लावा आणि खऱ्या पेलेटने कागदावर साईट पुन्हा जुळवून घ्या. सेन्सरचं टोकावरचं वजन गेल्यावर ग्रूप (शॉट्सचा पुंजका) थोडा सरकतो. साईटचे दोन-चार क्लिक फिरवावे लागले तर फिरवा आणि किती फिरवले ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे सामन्यानंतर कॅमेरा परत लावताना तेवढेच उलटे फिरवता येतील.